अस्पष्टतेची कैफियत

छायाचित्र स्पष्ट असावें, ही अपेक्षा इतकी सर्वमान्य आहे कीं ती कोणी बोलूनही दाखवीत नाहीं. घरच्या लग्नाचा फोटो हातीं आला म्हणजे आपण प्रथम पाहतों तें कोणाचा चेहरा हलला आहे कीं काय, हेंच! या अपेक्षेस ज्या हौशी बाईंनीं उघडपणें धक्का दिला, त्या ज्यूलिया मार्गारेट कॅमेरॉन यांचें ‘ॲनल्स ऑफ माय ग्लास हाउस’ हें छोटेखानी आत्मवृत्त आम्हीं त्यांच्या चित्रांसमवेत पुन्हां वाचलें. १८७४ सालीं लिहिलेलें व अपुरेंच राहिलेलें हें लिखाण बाईंच्या मृत्यूनंतर दहा वर्षांनीं, १८८९ त, प्रसिद्ध झालें. त्यांत आत्मप्रौढी पुष्कळ आहे. पण एक कबुली अशी आहे कीं सारा वाद तिच्यावरच उभा राहतो.

बाईंचा जन्म १८१५ चा, कलकत्त्याचा. पुढें बिऱ्हाड इंग्लंडांत, आइल ऑफ वाइट बेटावरील फ्रेशवॉटर गांवीं. १८६३ त मुलीनें व जांवयानें कॅमेरा भेट दिला, तेव्हां त्यांचें वय अठ्ठेचाळीस होतें. कोळशाच्या कोठीची अंधारी खोली झाली, कोंबड्यांच्या खुराड्याचें कांचघर झालें, आणि १८६४ च्या जानेवारींत एका लहान मुलीचें पहिलें मनाजोगतें चित्र साधलें.

आतां ती कबुली. आरंभींचीं अस्पष्ट चित्रें योगायोगानें साधलीं, असें बाई सांगतात. फोकस करीत असतां जेथें डोळ्यांस सुंदर दिसलें तेथेंच हात थांबला. भिंग आणखी फिरवून रेषा धारदार करण्याचा आग्रह धरला नाहीं, असा त्यांच्या म्हणण्याचा मथितार्थ. लंडनच्या फोटोग्राफिक सोसायटीच्या नियतकालिकानें त्यांच्या कामावर कोरडे ओढले होते. त्या पक्षाचे लोक या कबुलीवर बोट ठेवून म्हणूं शकतात, ‘पाहा, जमलें नाहीं त्यालाच बाई कला म्हणतात!’

आम्हांस हा निवाडा मान्य नाहीं, आणि त्याचें कारण यंत्रांतच सांपडतें. बाईंचें पहिलें भिंग फ्रेंच, जामिनचें. चेहरा जवळून घेतला कीं अशा भिंगाची स्पष्टतेची खोली अगदीं थोडी उरते; डोळा रेखीव आला तर कान धुक्यांत जातो. त्यांत ओल्या कलोडियनच्या कांचा मंद. समोरच्या माणसानें कित्येक मिनिटें निश्चल बसावयाचें. म्हणजे अस्पष्टता दोन प्रकारची, एक भिंगाची व दुसरी बसणाऱ्याच्या हालचालीची. बाईंचे स्तुतिपाठक या दोहोंचा भेदच करीत नाहींत. १८६६ त त्यांनीं डालमायरचें अधिक चांगलें भिंग आणि पंधरा इंच बाय बारा इंच कांचेचा मोठा कॅमेरा घेतला. दोष केवळ अज्ञानाचा वा हत्याराचा असता, तर येथून पुढें रेषा आपोआप सुधारल्या असत्या. पण झालें तें वेगळेंच! हर्शेल व कार्लाइल यांचीं प्रचंड मस्तकें १८६७ चीं आहेत. हर्शेल म्हणजे हायपोचा उपयुक्त गुणधर्म १८१९ त शोधणारे शास्त्रज्ञ व बाईंचे जुने स्नेही. त्यांचे पांढरे केस काळोखांतून उजळून येतात, आणि वृद्ध डोळे पाहणाऱ्यावर खिळतात. कार्लाइल मात्र हलला आहे, हें स्पष्ट दिसतें. दुसऱ्या कोणीं ती कांच फोडून टाकली असती. बाईंनीं ती राखली. काय राखावें हें ठरविणें, हा आमच्या मतें त्यांच्या कलेचा गाभा होय.

चित्र मागाहून ‘सुधारण्या’च्या बाबतींत मात्र आम्हांस त्यांची बाजू संपूर्ण घेतां येत नाहीं. त्या काळीं हेन्री पीच रॉबिन्सन यांनीं पांच निगेटिव्ह जुळवून ‘फेडिंग अवे’ हें मरणासन्न मुलीचें चित्र १८५८ त तयार केलें होतें. त्यांतील कौशल्य सांधा लपविण्यांत. कॅमेरॉनबाईही निगेटिव्ह ओरखडीत, तडकलेल्या कांचांवरून प्रती काढीत, प्रसंगीं एकाहून अधिक निगेटिव्ह जोडीत. पण खुणा झांकीत नसत. हा उघडेपणा आम्हांस रॉबिन्सनच्या सफाईपेक्षां अधिक प्रामाणिक वाटतो. तथापि चित्राखालीं ‘फ्रॉम लाइफ’ असें लिहावयाचें व वर ओरखडेही काढावयाचे, यांत थोडी ओढाताण आहेच. आणि प्रत्येक डाग म्हणजे प्रतिभा नव्हे. कांहीं डाग निव्वळ घाईचे आहेत.

टेनिसनच्या काव्यावरील १८७४-७५ चीं चित्रें तर आम्हांस फिकीं वाटलीं. पतिराज मर्लिन होऊन बसले आहेत, पण पोशाख पोशाखच राहतो. मस्तकांच्या चित्रांत जी मृदुता माणसाजवळ नेते, तीच येथें नाटकी सामानावर पडदा टाकण्याच्या कामीं लागली आहे.

बाजारांत मोठ्या प्रमाणावर आलेला पहिला स्वयंफोकसचा कॅमेरा, कोनिकाचा, १९७७ चा. आज हौशी माणसाच्या खिशांतील फोनही चेहरा हुडकून स्वतःच फोकस धरतो, आणि पाठीमागची धूसरता गणितानें रंगवितो. ती धूसरता सुरेख असते खरी, पण चेहऱ्याला ती शिवत नाहीं. कार्लाइलच्या नशिबीं असा फोन असता, तर त्याची मुद्रा तत्काळ दुरुस्त होऊन आली असती.

बाईंचीं चित्रें १८६५ तच विकत घेणारें लंडनचें संग्रहालय आज व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट या नांवानें ओळखलें जातें. ज्या वाचकांच्या घरीं कोणी हौशी छायाचित्रकार असेल, त्यांनीं हर्शेल व कार्लाइल शेजारीं शेजारीं मांडून पाहावे. घरांत मतभेद होतील, हें उघड आहे. आमचें मत कार्लाइलकडे.