नाव वेगळे, वस्तू वेगळी
(डेटा मॉडेलच्या तयार साच्यांविषयी थोडे टीकात्मक)

शनिवारी डेव्हन ॲव्हेन्यूवर वाणसामान आणायला जाणे हा शिकागो परिसरातल्या आपल्या मंडळींचा जुना नेम. पटेल बंधूंनी १९७४ साली याच रस्त्यावर आपले पहिले दुकान थाटले. तेव्हापासून किती मराठी याद्या इथल्या गुजराती, हिंदी, तमिळ आणि इंग्रजी पाट्यांशी ताडून पाहिल्या गेल्या असतील याची गणती नाही. यादीत ‘धने’ आणि ‘कोथिंबीर’ असे दोन वेगळे जिन्नस असतात. हिंदी बोलणारा दुकानदार दोन्हींना ‘धनिया’ म्हणतो, फार तर एकाला ‘हरा’ हे विशेषण लावतो. अमेरिकन दुकानात बी म्हणजे ‘कोरिअँडर’ आणि पाला म्हणजे ‘सिलँट्रो’. लंडनहून आलेल्या पाहुण्याला मात्र पालाही ‘कोरिअँडर’च. म्हणजे मराठी आणि अमेरिकन इंग्रजी यांची वाटणी जुळते, हिंदी आणि ब्रिटिश इंग्रजी यांची जुळते. आडव्या जोड्या लावल्या की घोटाळा झालाच म्हणून समजा.

आपल्यापैकी बरेच जण आठवड्याचे पाच दिवस हाच उद्योग पगार घेऊन करतात. एका कंपनीच्या यंत्रणेत ‘कस्टमर’, दुसरीत ‘क्लायंट’, तिसरीत ‘अकाउंट’. हे एकच की तीन, याचा निवाडा करायचा. हे काम सुकर करणारी, तयार साच्यांची पुस्तके १९९० च्या दशकात निघाली आणि आजही ती अनेकांच्या टेबलावर असतात. त्यांनी आपल्याला काय दिले आणि कुठे ती अपुरी पडतात, हे आपल्याच घरच्या उदाहरणांवर घासून पाहावे, एवढाच या लेखाचा हेतू.

थोडी पार्श्वभूमी सांगतो. पीटर चेन यांनी १९७६ साली एंटिटी-रिलेशनशिप ही मांडणी प्रसिद्ध केली. माहितीचे कोष्टक बनवण्याआधी जगात कोणत्या गोष्टी आहेत आणि त्यांचे परस्परसंबंध काय, याचे चित्र काढा, हा तिचा गाभा. पुढच्याच वर्षी, १९७७ मध्ये, वास्तुरचनाकार ख्रिस्तोफर अलेक्झांडर आणि त्यांच्या सहकाऱ्यांचे ‘अ पॅटर्न लँग्वेज’ आले. घरे आणि गावे बांधताना पुन्हा पुन्हा भेटणारे प्रश्न आणि त्यांची उत्तरे असे २५३ साचे त्यात आहेत. साच्याची ही कल्पना संगणकवाल्यांनी उचलली. डेव्हिड सी. हे यांचे ‘डेटा मॉडेल पॅटर्न्स’ १९९६ साली आले. लेन सिल्व्हरस्टन यांचे ‘द डेटा मॉडेल रिसोर्स बुक’ आणि मार्टिन फाउलर यांचे ‘ॲनॅलिसिस पॅटर्न्स’ त्याच सुमारास. तिघांचे म्हणणे थोडक्यात असे, की धंदा साबणाचा असो वा विम्याचा, त्याच्या तळाशी असलेली रचना बरीचशी सारखी असते. मग प्रत्येकाने कोऱ्या कागदापासून सुरुवात का करावी?

या साच्यांतला सर्वांत गाजलेला म्हणजे ‘पार्टी’. मेजवानी नव्हे, करारातला पक्ष. व्यक्ती आणि संस्था या दोन्ही ‘पार्टी’ या एकाच कल्पनेचे प्रकार. ग्राहक, पुरवठादार, नोकर, सभासद या मात्र व्यक्ती नव्हेत. त्या व्यक्तीने घेतलेल्या भूमिका. आणि दोन पक्षांमधले नाते ही स्वतंत्र नोंद, तिला स्वतःची सुरुवात आणि शेवट. वाचताना हे इतके सरळ वाटते की यात विशेष ते काय, असा प्रश्न पडतो. मलाही पडला होता.

काही वर्षांपूर्वी एका मंडळाची सभासद-यादी नीट लावून देण्याचे काम माझ्याकडे आले. यादीत एका ओळीत एक कुटुंब होते. पहिल्या रकान्यात कुटुंबप्रमुखाचे नाव, दुसऱ्यात पत्नीचे, तिसऱ्यात मुलांची संख्या. सोय म्हणून कुणीतरी कधीकाळी केलेली ही रचना वर्षानुवर्षे निमूट चालली. मग एका सभासदाचे निधन झाले. यादी सांभाळणाऱ्या स्वयंसेवकाने शिस्तीप्रमाणे त्यांची ओळ काढून टाकली. त्या ओळीबरोबर त्यांच्या पत्नीही गेल्या. पंचवीस-तीस वर्षे गणेशोत्सवाच्या स्वयंपाकघरात राबलेल्या त्या बाईंना त्या वर्षी निमंत्रण गेले नाही, दिवाळी अंक गेला नाही. त्यांनी तक्रार केली नाही. नवरा गेल्यावर लोक असेच वागतात, अशी त्यांनी स्वतःची समजूत घातली. हे आम्हाला कळले ते फार उशिरा.

यात दुष्टावा कुणाचाच नव्हता. चूक रचनेची होती. व्यक्ती, तिची भूमिका आणि तिचे नाते या तीन गोष्टी एका ओळीत कोंबल्या, म्हणून एक पुसताना तिन्ही पुसल्या गेल्या. डेव्हिड हे यांच्या साच्यात हे होत नाही. तिथे बाई स्वतंत्र व्यक्ती, सभासदत्व ही त्यांची स्वतःची भूमिका आणि विवाह हे नाते. नाते संपल्याची तारीख घातली तरी बाई जागच्या जागी. म्हणून या पुस्तकाबद्दलची माझी पहिली नोंद कृतज्ञतेची आहे. साचा म्हणजे कुणीतरी आधी ठेच खाऊन ठेवलेली असते. आपण त्याच दगडावर पुन्हा पाय आपटायचा नाही.

आता टीकेकडे वळू. डेव्हिड हे यांच्या पुस्तकाचे उपशीर्षक आहे ‘कन्व्हेन्शन्स ऑफ थॉट’, म्हणजे विचाराचे संकेत. शब्द प्रामाणिक आहे, पण संकेत हा नेहमी कुणाचा तरी असतो. कारखाना, बीजक, करार, हिशेबाची वही इथपर्यंत हा संकेत जगभर बऱ्यापैकी सारखा आहे, कारण व्यापारानेच तो सारखा करून टाकला आहे. माणसांची नावे आणि नाती इथे येताच तो डळमळतो. ‘मिडल नेम’चा रकाना घ्या. इंग्रजी रिवाजात ते बहुधा माणसाचे स्वतःचेच दुसरे नाव. आपल्याकडे ते वडिलांचे किंवा नवऱ्याचे. तो खरे तर नावाचा भाग नव्हे, नात्याची नोंद आहे! फॉर्ममधल्या त्या एका अक्षरात आपण दर वेळी नाते कोंबतो आणि वाचणारा त्याला नाव समजतो. रकान्याचे नाव जुळले, आतला अर्थ जुळला नाही.

नात्यांच्या शब्दांचे तसेच. ‘अंकल’ या एका शब्दासमोर आपल्याकडे काका आहेत आणि मामा आहेत. मावशीचे यजमान आणि आत्याचे यजमान यांना काय म्हणायचे ते घराघरांवर अवलंबून. मामाचा अंकल सहज होतो. अंकलचा मामा परत करता येत नाही. इथे जन्मलेली आपली मुले डेव्हनवरच्या दुकानदारालाही अंकल म्हणतात, तेव्हा तो शब्द नाते सांगतच नाही, फक्त आदर सांगतो. इरावती कर्वे यांनी १९५३ च्या ‘किनशिप ऑर्गनायझेशन इन इंडिया’ या ग्रंथात भारताचे चार विभाग करून प्रांतोप्रांतीचे नात्यांचे शब्द शेजारी शेजारी ठेवून पाहिले. संगणकाचा तिथे संबंध नाही. पण दोन संकल्पना-व्यवस्था कशा ताडाव्यात याचा तो मला आजही उत्तम धडा वाटतो. नुसते शब्दाला शब्द लावून काही कळत नाही. शब्दामागची लग्नाची रीत पाहावी लागते.

आपल्याकडच्या जुन्या घरांत सून सासूला ‘आत्याबाई’ आणि सासऱ्यांना ‘मामंजी’ म्हणे. मामाच्या मुलीशी लग्न ही रीत डोळ्यांसमोर ठेवा, की कोडे सुटते: त्या मुलीची सासू म्हणजे तिच्या वडिलांची सख्खी बहीण, आत्याच! एक व्यक्ती, दोन नाती, एक शब्द. ‘मदर-इन-लॉ’ असे भाषांतर केले की ही सगळी रचना झाकली जाते. यावर उपाय साच्यातच आहे, फक्त तो आणखी खाली नेऊन वापरावा लागतो. ‘काका’ किंवा ‘अंकल’ ही नोंद ठेवूच नये. कोण कुणाचे अपत्य आणि कुणाचा कुणाशी विवाह एवढेच नोंदवावे. बाकीचे शब्द ज्याने त्याने आपल्या भाषेत आपल्या रीतीने काढावेत. तिन्ही लेखकांनी साचे भरभरून दिले. पण साचा कोणत्या रीतीतून आला आणि दुसऱ्या रीतीत तो कुठे चिमटतो, हे वाचकाला चाचपून पाहायला त्यांनी पुरेसे शिकवले असे मला वाटत नाही.

दोन तयार व्यवस्था एकमेकींशी जुळवण्याचे एक शास्त्रच पुढे उभे राहिले. टॉम ग्रुबर यांनी १९९३ साली ‘ऑन्टॉलॉजी’ या तत्त्वज्ञानातल्या शब्दाला संगणकशास्त्रात रुळवले: एखाद्या क्षेत्रात आपण काय काय आहे असे मानतो, त्याची उघड आणि रेखीव मांडणी. जेरोम युझेना आणि पावेल श्वायको यांचे ‘ऑन्टॉलॉजी मॅचिंग’ २००७ साली आले, आणि जुळवणी करणाऱ्या प्रणालींची परीक्षा तर २००४ पासून घेतली जाते. या साऱ्यातली मला सर्वांत शहाणपणाची वाटलेली गोष्ट अगदी लहान आहे. ‘स्कॉस’ नावाचे प्रमाण वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियमने २००९ साली मान्य केले. त्यात दोन संकल्पना जुळवताना पाच उत्तरे देता येतात: तंतोतंत तीच, जवळची, अधिक व्यापक, अधिक संकुचित, किंवा नुसतीच संबंधित. ‘तीच’ हे उत्तर पुढे साखळीने नेता येते, ‘जवळची’ हे नेता येत नाही.

हा नियम कोरडा वाटेल, पण आपल्या स्वयंपाकघराने तो केव्हाच अनुभवला आहे. रवा मिळत नव्हता तेव्हा आधीच्या पिढीने क्रीम ऑफ व्हीटचा उपमा केला. ती जुळणी ‘जवळची’, आणि चालून गेली. शब्दकोश म्हणतो, रवा म्हणजे सेमोलिना. अमेरिकन फडताळावर सेमोलिना म्हणजे पास्त्यासाठी दळलेला ड्युरम गहू. यातली प्रत्येक पायरी पटण्याजोगी आहे. पण त्या शेवटच्या पाकिटाचा शिरा करून पाहा आणि मग साखळी जोडणाऱ्याला बोलवा जेवायला.

शिऱ्यावर हसता येते, हिंगावर नाही. शब्दकोशात हिंग म्हणजे ॲसाफेटिडा, एका झाडाचा चीक. डबीत मिळतो तो बहुधा पीठ आणि डिंक मिसळून बनवलेला हिंग, आणि ते पीठ पुष्कळदा गव्हाचे असते. ज्याला सिलिॲक विकारामुळे गहू वर्ज्य आहे, त्याच्यासाठी ‘हिंग म्हणजे ॲसाफेटिडा’ ही बरोबर दिसणारी जुळणी धोक्याची आहे. पदार्थ आणि बाजारात मिळणारा माल या दोन गोष्टी वेगळ्या ठेवणारा साचा वापरला, तर घटक मालाच्या नोंदीत जातात आणि माणूस वाचतो.

आपल्या इतिहासात याचे एक ठसठशीत उदाहरण आहे. शिवछत्रपतींच्या आज्ञेने रघुनाथपंत हणमंते यांनी सिद्ध केलेला ‘राज्यव्यवहारकोश’. कारभारातल्या सुमारे १,३८० फारसी-दखनी शब्दांना त्यात संस्कृत प्रतिशब्द दिले आहेत. लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी, की कोशकाराने शब्द अक्षरक्रमाने लावले नाहीत. राजवर्ग, कार्यस्थानवर्ग, दुर्गवर्ग, लेखनवर्ग, पण्यवर्ग असे दहा वर्ग केले. आधी राज्यात काय काय असते याचा नकाशा, मग नावे. हे आजच्या भाषेत संकल्पनात्मक मॉडेलच. पण त्याचे दुसरे अंगही सांगायला हवे. इतकी मोठी राजाज्ञा पाठीशी असूनही अर्ज, हुकूम, जमीन, सरकार हे शब्द मराठीतून हलले नाहीत. वरून ठरवलेली जुळणी दप्तरात राहते. वापरणाऱ्यांच्या तोंडात काय राहायचे ते तेच ठरवतात. मोठ्या कंपनीत सगळ्यांवर एकच शब्दसंग्रह लादू पाहणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे.

मग या पुस्तकांचे काय करावे? विकत घ्यावीत आणि वापरावीत, असेच मी म्हणेन. फक्त साचा उचलताना तीन प्रश्न विचारावेत. ही वस्तू आहे की तिचे नाव? ही व्यक्ती आहे की तिची भूमिका? आणि दोन गोष्टी ‘एकच’ म्हणतो आहे, की नुसत्या ‘जवळच्या’? आणखी एक घरगुती कसोटी. चेन यांनी १९८३ साली इंग्रजी वाक्याची रचना आणि त्यांच्या आकृत्या यांचे नाते दाखवले होते. आपण आपली आकृती मराठीत मोठ्याने वाचून पाहावी: ‘प्रत्येक सभासदत्व एका व्यक्तीचे असलेच पाहिजे.’ वाक्य जिथे अडखळेल, तिथे साचा बहुधा दुसऱ्याच्या मापाचा असतो. ‘प्रत्येक पत्नी एका कुटुंबप्रमुखाच्या ओळीत असते’ हे वाक्य कुणी मोठ्याने वाचले असते, तर ते तिथेच घशात अडकले असते.

डेव्हनवर गाडी लावायला जागा शोधत फिरताना खांबांकडे एकदा नजर टाका. शहराने सन्मानार्थ लावलेल्या तपकिरी पाट्यांवर रस्त्याच्या एका भागाचे नाव गांधी मार्ग, एकाचे महंमद अली जिना वे, एकाचे गोल्डा मायर बुलेव्हार्ड. टपालाच्या पत्त्यात मात्र सगळीकडे डेव्हन ॲव्हेन्यूच. रस्ता एक, नावे अनेक, आणि कुठले नाव कुणाचे हे सांगणारी पाटी जागोजागी वेगळी. कुणाचेही नाव खोडावे लागले नाही. चांगल्या मॉडेलकडून मला तरी याहून अधिक अपेक्षा नाही. आणि आपल्या मंडळाच्या यादीकडून याहून कमी नाही.