मुळ्याला घातलेले पाणी

गेल्या उन्हाळ्यात वरणगावला एका घरी आशीर्वादासाठी आमचे जाणे झाले. घरधनी तेथील आयुध निर्माणीत काडतुसांच्या कामावर आहेत. त्यांचा थोरला मुलगा चित्रे काढतो. १९९३ साली दूरदर्शनने हिंदीतून दाखविलेली मोगलीची जपानी चित्रमालिका वडिलांनी लहानपणी आवडीने पाहिलेली. तिला मानवंदना म्हणून पाच मिनिटांचा अ‍ॅनिमेशनपट करण्याचा मुलाचा बेत आहे. त्याने आम्हांला सरळच विचारले, "फादर, मोगली तर दुसऱ्याचा. मग मी करतो ती चोरी की आदर?" उत्तर देण्याआधी त्याच्याच संगणकावर आम्ही दोन छोटे जपानी चित्रपट पाहिले. त्यांचा विचार केल्याखेरीज या प्रश्नाचे उत्तर नीट देता येणार नाही, असे आम्हांस वाटते.

'दाइकॉन ३' (१९८१) आणि 'दाइकॉन ४' (१९८३) हे ते दोन चित्रपट. जपानमधील विज्ञानकथाप्रेमींची जी वार्षिक संमेलने भरतात, त्यांपैकी ओसाका येथील दोन संमेलनांच्या उद्घाटनासाठी हौशी तरुणांनी ते तयार केले. हिदेआकी आन्नो, हिरोयुकी यामागा आणि ताकामी आकाई हे त्यांतील प्रमुख चित्रकार पहिल्या चित्रपटाच्या वेळी ओसाका कला विद्यापीठात शिकत होते. 'दाइकॉन' हे ओसाकाच्या संमेलनाचे संक्षिप्त नाव. परंतु जपानी भाषेत 'दाइकोन' म्हणजे मुळा! पहिल्या चित्रपटाची गोष्ट या श्लेषातूनच उगवली आहे.

पाठीवर दप्तर घेतलेल्या एका शाळकरी मुलीला आकाशातून उतरलेले वीर पेलाभर पाणी देतात आणि मुळ्याला घालावयास सांगतात. हे वीर 'अल्ट्रामॅन' या गाजलेल्या मालिकेतले. वाटेत त्या काळच्या चित्रपटांतील व मालिकांतील राक्षस, यंत्रमानव आणि युद्धनौका तिला अडवितात. ती झुंजते, कोसळते. पण त्या पेल्याची आठवण होताच सावध होते आणि पाणी सांडण्यापूर्वीच तो झेलते. अखेर सुकलेल्या मुळ्याला पाणी मिळते, त्याचे अंतराळयान होते आणि ती त्यात बसून निघून जाते. आठ मिलिमीटरच्या फितीवरचे हे काम कच्चे आहे. रेषा थरथरतात, हालचाली अडखळतात. तरीही उसनी आणलेली सारी पात्रे त्या एका पेल्याभोवती फिरतात. ज्या गोष्टींवर आपण वाढलो, त्यांच्या मुळांशी आता आपण पाणी घालावे, हा या तरुणांचा भाव एकाही संवादाविना आपल्यापर्यंत पोहोचतो.

दोन वर्षांनंतरच्या 'दाइकॉन ४' मध्ये कसब कितीतरी पुढे गेले आहे. मधल्या काळात यांतील काहींनी 'मॅक्रॉस' या व्यावसायिक मालिकेवर काम केले होते, आणि ते जागोजागी जाणवते. गती आणि स्फोट पाहून डोळे दिपतात. मात्र ती बालिका आता मोठी झाली असून सशाचे कान लावलेल्या तोकड्या वेशात वावरते. हातातला पेला गेला आणि त्याबरोबर हेतूही गेला. तलवारीवर उभी राहून ती आकाशातून सुसाटत जाते आणि ओळखीच्या पात्रांची रांग आपल्यासमोरून सरकत राहते. प्रेक्षकाने ओळखावे आणि टाळी वाजवावी, एवढेच त्याच्याकडून अपेक्षित आहे. पार्श्वभूमीला वाजणारे इंग्रजी गीतही परवानगीविना घेतलेले होते. पुढे तेच या चित्रपटाच्या रीतसर वितरणाच्या आड आले.

शेवटी एक शहर प्रचंड स्फोटात उडते, फुलांच्या पाकळ्यांचे वादळ उठते आणि उद्ध्वस्त पृथ्वीतून नवी झाडे वर येतात. येथे इतका वेळ गप्प बसलेले वडील म्हणाले, "पण माणसं कुठं गेली?" आयुष्य दारूगोळ्याजवळ काढलेल्या माणसाचा हा प्रश्न आम्हांला कोणत्याही समीक्षेहून नेमका वाटला. ते शहर रिकामेच दाखविले आहे. आन्नो यांचा जन्म १९६० साली हिरोशिमाच्या शेजारच्या प्रांतातला. आणि ज्या नागासाकीत आपल्या वसईचे संत गोन्सालो गार्सिया १५९७ साली क्रुसावर हुतात्मा झाले, त्याच नगरात ९ ऑगस्ट १९४५ रोजी अणुबॉम्बने उराकामीचे कॅथेड्रल आतल्या भाविकांसह नष्ट केले. विनाशानंतर नवी सृष्टी फुलावी, ही आशा थोर आहे, हे आम्ही नाकारीत नाही. परंतु ज्यांनी मरण सोसले त्यांच्याकडे न पाहता ती दाखविली, की ती स्वस्त होते.

या तरुणांचे पुढे भलेच झाले. आन्नो यांना मियाझाकींच्या १९८४ सालच्या 'नाउसिका' चित्रपटात काम मिळाले; त्याच वर्षी या मित्रांनी 'गायनॅक्स' ही संस्था काढली. म्हणजे अनुकरणातून कलावंत घडतो, हे खरेच. तरीही आमच्या मते दोहोंत कच्चा चित्रपटच श्रेष्ठ. मानवंदनेची परीक्षा सफाईवर होत नाही. आपण ज्याच्यावर प्रेम केले त्याला परत काय दिले, यावर होते.

मुलाला आम्ही तेच सांगितले. किप्लिंगच्या १८९४ सालच्या 'जंगल बुक'वर आता कोणाची मालकी उरलेली नाही, तेव्हा मोगली त्याने जरूर घ्यावा. मात्र मालिकेतील रेखाटने व संगीत तिच्या निर्मात्यांचे आहे, ते उचलू नये. आणि जंगलातले सगळे प्राणी एकाच चित्रात कोंबू नयेत.

निघताना त्याने पहिले रेखाटन दाखविले. मोगली हतनूरच्या धरणाकाठी उभा आहे, मागे केळीची बाग आहे. "याच्या हातात काय देऊ, फादर?" असे त्याने विचारले. ते त्याचे त्यालाच शोधावे लागेल, असे सांगून आम्ही त्याचा निरोप घेतला.