चोरलेली नावे, हरवलेली माणसे

६ एप्रिल १९८६ रोजी गोव्यातील पर्वरी येथे, ‘ओ कोकेरो’ या उपाहारगृहात मुंबई पोलिसांचे निरीक्षक मधुकर झेंडे यांनी चार्ल्स शोभराजला पकडले. तीन आठवड्यांपूर्वी, गुंगीचे औषध घातलेली मिठाई पहारेकऱ्यांना चारून तो तिहार तुरुंगातून निसटला होता. १९७१ मध्येही झेंडे यांनीच त्याला मुंबईत जेरबंद केले होते. या माणसावरील दोन कलाकृती आम्ही नुकत्याच पाहिल्या: ‘द सर्पंट’ ही आठ भागांची इंग्रजी मालिका (२०२१) आणि चिन्मय मांडलेकर दिग्दर्शित ‘इन्स्पेक्टर झेंडे’ हा हिंदी चित्रपट (२०२५).

मालिकेत ताहर रहीम यांनी शोभराज थंडपणे उभा केला आहे. कथानक मागेपुढे इतके उड्या मारते की प्रेक्षक गोंधळतो. तरीही मालिकेचे मर्म निसटत नाही. १९७५ च्या डिसेंबरात एका डच जोडप्याचा थायलंडमध्ये खून झाला. त्यांच्याच पारपत्रांवर शोभराज आणि त्याची साथीदार नेपाळात गेली. तेथे आणखी दोघांचा बळी घेऊन, त्यांच्या पारपत्रांवर ती परतली. म्हणजे मेलेली माणसे सीमेवरील नोंदवह्यांत जिवंतपणे प्रवास करीत होती! हरमन निपनबर्ग हा डच वकिलातीतील तरुण अधिकारी, नातेवाइकांच्या एका पत्राचा धागा धरून चिकाटीने शोध घेतो आणि त्या मृतांना त्यांची खरी नावे परत मिळवून देतो. आमच्या मते मालिकेचा खरा नायक तोच.

चित्रपटाचा सूर विनोदी आहे. मनोज वाजपेयी यांचे झेंडे घरंदाज, मध्यमवर्गीय, कर्तव्याला चिकटून राहणारे आहेत. असा साधा माणूस नायक व्हावा, हे आम्हांस मनापासून आवडले. परंतु हास्याच्या भरात बळी पडलेली माणसे पडद्याआड जातात, हे न्यून लपत नाही. जिम सर्भ यांचा खलनायक इतका मोहक आहे की ‘काय डोकं आहे!’ असे उद्गार सहज निघतात.

नावांची गंमत पाहा. चित्रपटात झेंडे यांचे नाव खरे, गुन्हेगार मात्र ‘कार्ल भोजराज’ होतो. मालिकेत शोभराजचे नाव खरे, त्या डच जोडप्याची नावे बदललेली. बदलामागे कुटुंबीयांच्या भावनांचा आदर असेलही. तरीही फळ असे की मारणारा जगाच्या स्मरणात राहतो आणि मारलेले अनाम होतात. २०२२ मध्ये नेपाळच्या तुरुंगातून सुटून शोभराज फ्रान्सला गेला, तेव्हाही प्रकाशझोत त्याच्यावरच होता.

येथे उत्पत्तीच्या पुस्तकातील याकोब आठवतो. आंधळ्या इसहाकाने ‘तू कोण?’ असे विचारले, तेव्हा त्याने भावाचे कपडे अंगावर चढवून भावाचेच नाव सांगितले आणि आशीर्वाद लाटला. पुढे कितीतरी वर्षांनी, नदीकाठच्या त्या रात्री, त्याला पुन्हा नाव विचारण्यात आले. या वेळी त्याने ‘याकोब’ असे खरे उत्तर दिले. त्यानंतरच त्याला नवे नाव आणि खरा आशीर्वाद लाभला. लबाडालाही परतीची वाट आहे. पण ती स्वतःच्या नावाच्या कबुलीतून जाते. शोभराजच्या कथेत हीच एक गोष्ट घडताना दिसत नाही.

आमच्या माण गावात आज देशाच्या कानाकोपऱ्यांतून माणसे खोलीच्या शोधात येतात. घरमालक आधारकार्डाची प्रत घेतो, ते योग्यच आहे. पण कागद म्हणजे माणूस नव्हे. स्नानसंस्कारात प्रत्येकाला नावाने हाक मारली जाते, ती त्याला कोणी विसरू नये म्हणून. पालकांनी ‘द सर्पंट’ प्रौढ मुलांसह अवश्य पाहावी. मात्र पाहून झाल्यावर गुन्हेगाराच्या चातुर्याची चर्चा करण्याआधी, ज्यांची मुले घरी परतलीच नाहीत त्या आईबापांसाठी कौटुंबिक प्रार्थनेत क्षणभर थांबावे.