टाळ, टोरांटो आणि तुकोबा

यंदाच्या आषाढीला आपल्या मंडळाने ‘प्रभात’चा ‘संत तुकाराम’ दाखवला. टोरांटोत जुलैत नऊपर्यंत उजेड असतो, म्हणून हॉलच्या काचांना काळे कागद लावले. पंधरावीस ज्येष्ठ मंडळी येतील असा अंदाज होता. खुर्च्या कमी पडल्या.

मी हा सिनेमा पहिल्यांदा पाहिला तो गावच्या जत्रेत, तंबूत, आजीच्या मांडीला मांडी लावून. शेवटी तुकोबांना न्यायला विमान आलं तशी आजी पदर सावरून उठली आणि तिने हात जोडले. आजूबाजूच्या बायकाही उठल्या. घरी येताना मी विचारलं, “आजी, जिजाई का नाही गेली गं विमानातून?” ती म्हणाली, “मग पोरांना कुणी वाढलं असतं? म्हशीची धार कुणी काढली असती?”

परदेशात संसार करून तीस वर्षं झाल्यावर आता मलाही जिजाईच जास्त दिसते. पोर तापाने फणफणलेलं, म्हणून चप्पल उगारून विठोबाला जाब विचारायला देवळात शिरणारी ती बाई गौरीने काय उभी केली आहे! आणि विष्णुपंत पागनीसांचे तुकोबा गायला लागले की गाणं कधी सुरू झालं ते कळतच नाही. बोलणंच सुरात शिरतं. दामले-फत्तेलाल यांचा १९३६चा हा चित्रपट पुढच्याच वर्षी व्हेनिसच्या महोत्सवात जगातल्या तीन उत्तम चित्रपटांत गणला गेला. तिथल्या प्रेक्षकांना मराठी कुठे येत होतं? आमच्या हॉलमधली निम्मी मुलंही त्याच रांगेतली, पण चप्पल उगारलेली पाहून तीही चिडीचूप झाली.

सिनेमानंतर आपल्या भजनवर्गाच्या मुलांनी ‘आधी बीज एकले’ म्हटलं. शेजारचे काका डोळे मिटून म्हणाले, “तुकोबांचा अभंग म्हणजे अभंग!” तो तुकोबांचा नाही. शांताराम आठवल्यांनी याच सिनेमासाठी तो लिहिला आणि केशवराव भोळ्यांनी त्याला चाल दिली. पण लोकांनी तो इतका आपला मानला की कितीतरी जण आजही तो तुकोबांचाच समजतात. काकांची चूक मी दुरुस्त केली नाही.

स्टुडिओत जन्मलेलं पद भजनात बसतं, तर टोरांटोत जन्मलेली मुलं का बसू नयेत? ती अभंग रोमन लिपीत लिहून घेतात, ‘टाळ’ला ‘टाल’ म्हणतात, पखवाजाऐवजी तबल्यावर गातात. पण सम चुकवत नाहीत.

वर्ग दर रविवारी संध्याकाळी पाचला भरतो. मुलं अकरा आहेत, टाळांच्या जोड्या सहा. यंदा जे कुणी पंढरपूरला जाणार असतील त्यांनी बॅगेतली लोणच्याची एक बरणी कमी करावी आणि टाळांची एक जोडी आणावी.