मॉरिशसचा मराठी गणपति

मराठी धर्मजीवन कोठेंहि असो, त्याचें मोजमाप पुणेरी मापानेंच करावें, असा शनिवार पेठेंत राहणाऱ्या आम्हां मंडळींचा एक सोयीचा समज आहे. मॉरिशसमधील मराठी लोकांच्या गणेशोत्सवाविषयीं येथें जी चर्चा होते तींत तोच डोकावतो. संस्कृति सातासमुद्रापार टिकली म्हणून एक पक्ष गहिंवरतो. घरांत क्रिओल बोलणाऱ्यांचें मराठीपण तें काय, म्हणून दुसरा नाक मुरडतो. आमच्या मतें दोघांचीहि दृष्टि अपुरी आहे.

1834 पासून उंसाच्या मळ्यांवर करारबद्ध मजूर म्हणून जे हिंदी लोक त्या बेटावर गेले, त्यांत कोंकणांतील कष्टकरी मराठी कुटुंबें होतीं. पुण्यांत सार्वजनिक गणेशोत्सव सुरू झाला 1893 सालीं; तत्पूर्वींच त्यांतील बहुतेकांचे संसार तिकडे थाटले होते. तेव्हां त्यांनीं नेला तो मंडपांतला गणपति नव्हे, घरांतला. त्याच्यापुढें होणारी त्यांची ‘झाकरी’ ही कोंकणच्या जाखडीचीच बहीण. ज्याला आम्ही आपली नक्कल समजतों, तो वस्तुतः आमच्याहून जुना पाठ आहे.

आतां भाषेचा प्रश्न. ज्ञानेश्वरांनीं 1290 सालीं गीतार्थ मराठींत आणला, तो भक्ति लोकांच्या बोलींत नांदते या श्रद्धेनें. मग क्रिओलमध्यें केलेली प्रार्थना देवास पोंचत नाहीं, असें आम्हीं कोणत्या तोंडानें म्हणावें?

परंतु धर्म टिकणें आणि मराठीपण टिकणें या दोन गोष्टी निराळ्या. 1968 च्या मॉरिशसच्या राज्यघटनेनें ‘हिंदु’ हा एकच समाज धरला. भोजपुरी पूर्वजांचे बहुसंख्य लोक आणि मूठभर मराठी लोक त्यांत एकत्र आले. धर्म त्यांना इतरांशीं जोडतो. वेगळी ओळख देते ती आरतीची आणि झाकरीची भाषा. गणेशचतुर्थीला तेथें सार्वजनिक सुटी आहे. पण सुटीनें सण राहतो, शब्दांचा अर्थ राहत नाहीं. अर्थ न कळतां म्हटलेलें गाणें श्रद्धेला पुरतें, वाङ्मयाला पुरत नाहीं.

मोका येथील महात्मा गांधी संस्थेंत मराठी शिकविली जाते, हें म्हणूनच उत्सवाइतकेंच महत्त्वाचें. तेथील लेखकांचें मराठी लेखन आमच्या मासिकांनीं छापावें आणि त्याची परीक्षा कौतुकानें नव्हे, कसोटीनें करावी. ज्याला आपण आपला मानतों, त्याच्याच लेखनांतले दोष आपण मन लावून काढतों.