शासकीय वाक्यातील कर्ता

शासकीय मराठीत ‘अर्ज नामंजूर करण्यात येत आहे’ ही रचना रूढ आहे. तीत कर्त्याचे स्थान रिकामे असते; परंतु ते रिकामे आहे म्हणूनच ‘कोणी नामंजूर केला?’ हा प्रश्न विचारता येतो. कचेरीत कृत्रिम बुद्धिमत्ता आली की त्या जागी ‘प्रणालीने’ हे तृतीयान्त पद येऊन बसते. प्रश्नास उत्तर मिळते आणि चौकशी तेथेच थांबते. शासकीय सेवकाच्या नीतिविवेकावर या साधनांचा होणारा परिणाम प्रथम येथे शोधला पाहिजे.

या दृष्टीने नेदरलंड्समधील बालसंगोपन-अनुदानाचे प्रकरण उद्बोधक आहे. तेथील करखात्याने २०१३ पासून अर्जांची जोखीम ठरविणारी, स्वतः शिकणारी प्रणाली वापरली. अर्जदार डच नागरिक आहे की नाही, हाही तिच्या निकषांपैकी एक होता. अधिक जोखमीचे ठरलेले अर्ज तपासणीसाठी कर्मचाऱ्याकडे जात. मात्र ते तसे का ठरले, हे त्यास कळत नसे. क्षुल्लक त्रुटींवरून संपूर्ण अनुदान परत मागितले गेल्याने हजारो कुटुंबे कर्जात बुडाली. डिसेंबर २०२० मध्ये संसदीय समितीचा अहवाल आला. जानेवारी २०२१ मध्ये मंत्रिमंडळाने राजीनामा दिला.

अंतिम निर्णय माणसाच्या हाती ठेवला की यंत्राचा धोका टळतो, असे मत आज वारंवार मांडले जाते. ते अपुरे आहे. येथे माणूस होताच. परंतु ज्यास कारण ठाऊक नाही, तो केवळ व्याकरणापुरता कर्ता होय.

तथापि सारा दोष यंत्रावर टाकणे, हेही त्याच भ्रमाचे दुसरे रूप आहे. संपूर्ण वसुलीचा कठोर अर्थ कायद्यातून माणसांनीच काढला होता आणि २०१९ पर्यंत तेथील सर्वोच्च प्रशासकीय न्यायपीठाने तो मान्य केला होता. खात्यातीलच एका विधिसल्लागार स्त्रीने २०१७ साली, खात्याचे वर्तन निंद्य असून पालकांस भरपाई द्यावी, असे लेखी कळविले होते. त्या टिपणाची दखल घेण्यात आली नाही. या वाक्यातही कर्ता लुप्तच आहे, हे वाचकांच्या ध्यानी येईल!

म्हणून कसोटी यंत्राच्या अचूकतेपुरती ठेवून भागणार नाही. ती सेवकाच्या वाक्यासही लावली पाहिजे. ‘मी हा अर्ज अमुक कारणास्तव नामंजूर केला’ असे ज्यास स्वतःच्या नावाने लिहिता येत नाही, त्याने तो नामंजूर करू नये.