फाशीचं अंतर कोसांत मोजता येतं का?

अठराव्या शतकातल्या इंग्लंडच्या फौजदारी कायद्याला इतिहासकार ‘ब्लडी कोड’ म्हणतात. १६८८ च्या सुमारास फाशीचे गुन्हे पन्नासेक होते, १८२० पर्यंत ते दोनशेच्या वर गेले. मेंढी चोरली तरी फाशी! पीटर किंग आणि रिचर्ड वॉर्ड यांचा २०१५ मधला, ‘पास्ट अँड प्रेझेंट’ नियतकालिकातला निबंध एक साधा प्रश्न विचारतो: कायदा एकच होता, पण फाशीही सगळीकडे सारखीच होती का?

नव्हती. लंडन आणि भोवतालच्या काउंट्यांत चोर-दरोडेखोर फासावर जात. कॉर्नवॉल, वेल्स, वायव्य इंग्लंड अशा कडेच्या मुलखात मात्र मालमत्तेच्या गुन्ह्याला फाशी क्वचितच होई. तुम्ही म्हणाल, इंग्लंडच्या काउंट्यांत ‘असाइझ’ कोर्ट भरवायला न्यायाधीश तर लंडनहूनच जात, मग फरक का? कारण मधली माणसं स्थानिक होती. फिर्यादी तक्रारच करत नसे. घरातून चाळीस शिलिंगांचा माल चोरला तर फाशी, म्हणून ज्युरी मालाची किंमत एकोणचाळीस लावे. न्यायाधीशही शिक्षा सुनावून मागाहून माफीची शिफारस करत. कायदा लंडनचा, पण दोर किती ओढायचा हे गाव ठरवत होतं. निबंधाची खरी ताकद या मांडणीत आहे.

आता हा नकाशा आपल्याकडे लावून बघू. रसायनी हे नाव विसाव्या शतकातल्या रासायनिक कारखान्यांमुळे आलं, पण पाताळगंगेचं हे खोरं पेशवाईतही होतंच, बोरघाटाच्या खाली. मोह असा होतो, की पुणे म्हणजे केंद्र, घाटाखालचा मुलूख म्हणजे कड, आणि राजधानीपासून जितकं लांब तितकी शिक्षा सौम्य.

इथेच गाडी अडते. माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनने १८१९ मध्ये पेशव्यांच्या जिंकलेल्या मुलखाबद्दल अहवाल लिहिला. त्यात तो सांगतो, की पाटलाला किरकोळ दंड करता येई, थोडे फटके देता येत. सरसुभेदाराला देहदंडाचा पूर्ण अधिकार होता. आणि दरबाराचा भरवसा असलेला मामलेदार रामोशी, भिल्ल किंवा मांग दरोडेखोराला वर न विचारता फाशी देऊ शके. विशेष क्रौर्य नसेल तर खून सहसा दंडावर भागे, वाटमारीला मात्र बहुधा मृत्यू. त्याच्या मते गुन्ह्यापेक्षा गुन्हेगाराची जात शिक्षेत जास्त मोजली जाई.

एल्फिन्स्टन जिंकणाऱ्यांचा माणूस. जुनी व्यवस्था बेबंद होती असं दाखवण्यात त्याचा फायदा होता, आणि त्याचा अहवाल मुख्यतः घाटमाथ्यावरच्या मुलखाचा आहे. त्यामुळे तो जसाच्या तसा कर्जत-खालापुरावर चिकटवू नये. पण अधिकाराची जी उतरंड तो सांगतो, ती किंग-वॉर्ड यांच्या मांडणीला अवघड प्रश्न विचारते.

स्थानिक अधिकार दोन्हीकडे होता. तिथे त्याने फाशी टाळली, इथे त्याच अधिकाराने ती झटपट दिली. म्हणजे निव्वळ ‘स्थानिक’ असण्यात दया नसते. कॉर्नवॉलच्या ज्युरीला समोरचा मेंढीचोर आपल्यातला वाटू शके. मामलेदाराला रामोशी तसा वाटत नव्हता, आणि रामोशाच्या बाजूने किंमत कमी लावायला ज्युरीही नव्हती.

म्हणून निबंधात मला एक उणीव जाणवते. तो काउंट्या मोजतो, पण कडेच्या काउंट्यांत जे मोजके फासावर गेले ते गावचे होते की परके, हा प्रश्न त्याच्या नकाशाच्या मध्यभागी यायला हवा होता. अंतर महत्त्वाचं आहेच. फक्त ते लंडन किंवा पुण्यापासून किती कोस, एवढंच नको. न्याय देणारा आणि आरोपी यांच्यात किती, तेही मोजायला हवं.

गोतसभा, पंचायत, ‘गावचा न्याय गावात’ यांचं कौतुक आपण आजही करतो. ते करताना एवढं विचारा: त्या गावात वेशीबाहेरचे धरले होते का?